फ्लूनंतर एसजीपीटी वाढलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाला मागच्या आठवड्यात फ्लू झाला, टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए आला, ताप खोकला अंगदुखी सगळं होतं आणि आता ताप उतरलाय पण ब्लड रिपोर्टमध्ये एसजीपीटी 118 आणि एसजीओटी 96 (लिव्हरला मार बसला की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) आलंय, नॉर्मल साधारण 40 पर्यंत असतं ना. बिलीरुबिन नॉर्मल आहे, कावीळ नाही, दारू तो घेत नाही.

डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, दोन आठवड्यांनी परत टेस्ट करू. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये, आजार फुप्फुसाचा आणि सूज लिव्हरला कशी? थोडं वाचलं तर कळलं की व्हायरस स्वतः लिव्हरमध्ये गेलाच पाहिजे असं नाही, फुप्फुसात लढणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) रक्तातून फिरत लिव्हरमध्ये अडकतात आणि तिथल्या पेशींना उगाच मार बसतो. म्हणजे भांडण शेजारच्या घरात आणि काचा आपल्या फुटल्या!

दुसरी शंका पॅरासिटामॉलची. पाच दिवस 650 ची गोळी दिवसाला चार वेळा घेतली म्हणजे 2.6 ग्रॅम, दिवसाच्या 4 ग्रॅमच्या मर्यादेच्या आत आहे, पण सोबत सर्दीची गोळी पण चालू होती आणि त्यातही पॅरासिटामॉल असतं हे मला आत्ता कळलं 🤦

एसजीओटी स्नायूंमधूनही येतं म्हणतात, मग अंगदुखी होती तर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावं का? हिपॅटायटिस बी, सी आत्ताच तपासावं की थांबावं? कोणाचे आकडे असे वाढले होते का, किती दिवसांत खाली आले? ग्रुपवर डॉक्टर असतील तर प्लीज सांगा.