बोटीवरचा जनरेटर बंद करून सोलर-बॅटरीवर भागेल का?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी, पणजीला बाबांची प्रवासी बोट आहे, संध्याकाळी मांडवीत फेऱ्या मारते. इंजिनाला डिझेल लागणारच, ते समजतं, पण जनरेटरचं बघवत नाही. 15 केव्हीएचा (म्हणजे साधारण 12 किलोवॅट देणारा) आहे, लाईट, पंखे आणि साऊंडसाठी रोज 5 तास घरघरतो, काल मी टाकीत पट्टी घालून मोजलं तर तासाला 2 लिटर गेलं, आणि लोड सगळा मिळून जेमतेम 2 किलोवॅट. छतावर सोलर टाकलं तर बोटच त्यावर चालेल का?

वास्कोचा इंजिनवाला:
बोट चालवायचं आत्ता डोक्यातून काढा, छताची जागा पुरणार नाही. पण हिशोब बघा, 2 किलोवॅट लोड म्हणजे तासाला 2 युनिट वीज, आणि डिझेलही 2 लिटर, तुम्ही एका युनिटला एक लिटर डिझेल जाळताय! हाच जनरेटर नीट लोडवर चालला तर लिटरला 3 युनिट देईल. कमी लोडवर तो डिझेल फुकट खातो आणि आत कार्बन धरतो तो वेगळाच. रोजची गरज 10 युनिट, म्हणजे 15 युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि 3 किलोवॅट पॅनल, साधारण 15 चौरस मीटर जागा, उन्हाळ्यात दिवसाला 12 युनिट आरामात मिळतात. पावसात बरेच कमी मिळतील, तेव्हा जेटीवर वीज असेल तर तिथून चार्ज करा, नसेल तर जनरेटर थोडाच वेळ पण भरपूर लोडवर चालवा. आणि इंजिनाचं म्हणाल तर वेग 10 टक्के कमी केला की ताकद साधारण पाव कमी लागते, पर्यटकाला घाई कुठे असते?

बेतीकर:
पूर्ण सोलर बोट बघायची असेल तर केरळात वैकमला जाऊन या, 'आदित्य' फेरी 2017 पासून चालते, 75 प्रवासी घेते. पण ती पहिल्यापासून तशीच बांधलेली, हलकी. बाब, तुमच्या जुन्या बोटीच्या वरच्या डेकवर वजन वाढलं तर ती जास्त डुलेल, आधी सर्व्हेअरला (बोटीची तपासणी करणाऱ्याला) दाखवा आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याकडे, विचारा, माणसं असतात वर! वायर टिनचा मुलामा दिलेलीच घ्या. आमच्या होडीवर साधी टाकली होती, एका पावसाळ्यात जोड हिरवे पडले नि हात लावल्यावर भुगा झाला. बॅटरी इंजिनरूममध्ये तर अजिबात ठेवू नका, उष्णता खाते तिला.

मांडवीकाठ:
एका युनिटला एक लिटर, हे बाबांना सांगितलं तर ते गप्पच बसले. रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय, एकेका लाईनचा लोड मोजून आकडे इथेच टाकतो, मग बॅटरीचं ठरवू.