रिसॉर्टचं बुकिंग घरून चालवायचं, तर काउंटरवर काय ठेवावं?

गुहागर_१६खोल्या
किनाऱ्याजवळ १६ खोल्यांचं रिसॉर्ट आहे. बुकिंग बघणाऱ्या ताईंना आता चिपळूणच्या घरून काम हवंय, हिशेब बघणारा मुलगा पुण्यात आहे. दोघंही चोख, त्यांना सोडायचं नाही. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर आणि चॅनेल मॅनेजर (सगळ्या बुकिंग पोर्टलवरच्या खोल्या एकत्र सांभाळणारी सोय) आहे, शिवाय काउंटरवर जुनी वहीही चालते. घरी कुठलं काम पाठवावं? पावसात लाईट-नेट गेलं की काय करायचं? आणि रात्री एक-दोनला पोचणाऱ्यांचं चेक-इन रिसेप्शनिस्टशिवाय होईल का?

आरक्षण_रत्नागिरी
दादा, सगळ्यात आधी ती वही उचलून ठेवा. मालक ओळखीच्या माणसाला फोनवर "या, खोली आहे" सांगतात, वहीत टिपतात, आणि तासाभरात तीच खोली मेकमायट्रिपवर विकली जाते. मे महिन्यात आणि नाताळात हे हमखास होतं. सॉफ्टवेअरमध्ये खोली ब्लॉक झाल्याशिवाय कोणालाही हो म्हणायचं नाही, हा नियम मालकालाही लागू हवा.

चौकशीचे फोन, दर बदलणं, पोर्टलवरची उत्तरं, आगाऊ रकमेचा पाठपुरावा हे सगळं घरून होतं. किल्ली, ओळखपत्र, रोकड, खोली तपासणं जागेवरच. दोन्हींच्या मध्ये पडतं ते जेवण, आणि गडबड तिथेच होते. प्रत्येक बुकिंगला ताईंनी विचारून नोंदवायचं: शाकाहारी किती, मासे खाणारे किती, पोचणार केव्हा. सोमवार, गुरुवार, संकष्टी आली की एकाच कुटुंबातले आकडे बदलतात, म्हणून वारानुसार विचारायचं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी कळायला हवं. स्वयंपाकघराला दोन याद्या द्या: उद्याच्या बाजाराची रात्री ८ ला, आजच्या रात्रीच्या जेवणाची दुपारी ४ ला. चारनंतरचा बदल फोन करूनच सांगायचा. गॅसपाशी उभा असलेला स्वयंपाकी व्हॉट्सअ‍ॅप बघत नाही.

कामाची वेळ ९ ते ६ ठेवू नका. शहरातली माणसं ऑफिस सुटल्यावर फोन करतात. सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ९ बरं पडतं. पगार ठरावीक द्या, बुकिंगमागे कमिशन नको. कमिशन आलं की प्रत्येक खोलीतून समुद्र दिसायला लागतो. आणि महिन्यातून दोन दिवस ताईंनी येऊन खोल्या फिरायलाच हव्यात. कुठे पायऱ्या नाहीत, कुठल्या खिडकीतून नुसते माड दिसतात, कुठे जनरेटरचा आवाज येतो, हे फोटोवरून सांगता येत नाही.

नेटवर्क_देवगड
आपल्याकडे फायबर बहुधा विजेच्या खांबांवरूनच येते. झावळ किंवा फांदी पडली की लाईट आणि नेट एकदम जातं. म्हणून दुसरी लाइन फायबरची नको. वेगळ्या कंपनीच्या सिमचं ४जी राउटर घ्या, अँटेना छपराच्या वर, आणि लाइन आपोआप बदलणारं ड्युअल-वॅन राउटर. फायबरचा डबा, राउटर आणि स्विच मिळून साधारण ३० वॅट खातात, इन्व्हर्टर स्वतः आणखी २०. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. त्यातले ६० टक्केच वापरलेत तरी २० तास निघतात. त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे जोडलेत तर तीन तासांत खेळ आटोपतो. नेटला इन्व्हर्टर वेगळाच ठेवा.

कॉटेजपर्यंत तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेली असेल तर वळवाच्या विजांत पोर्ट जळतात. दोन इमारतींमध्ये फायबर टाका. जांभ्या जमिनीत अर्थिंग मुळातच नीट लागत नाही, एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की असून नसल्यासारखं, त्यात पाणी घालत राहा. बाहेरचे जोड खाऱ्या हवेने हिरवे पडतात. ते बंद डब्यात घ्या.

एवढं करूनही टॉवर बंद पडतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीजही नव्हती आणि रेंजही. म्हणून रोज संध्याकाळी पुढच्या दोन दिवसांची आगमन यादी छापून काउंटरवर ठेवा. पावसाळ्यात दोन खोल्या पोर्टलवर बंद करून फक्त दारात येणाऱ्यांसाठी राखा. संपर्क तुटला की काउंटरने त्या दोनच विकायच्या, ताईंनी बाकीच्या. मग एकमेकांशी बोलणं झालं नाही तरी एक खोली दोघांना जात नाही.

गुहागर_१६खोल्या
वही आजच कपाटात गेली. दोन खोल्यांचं पटलं. पुण्याचा मुलगा विचारतोय, पोर्टलकडून जमा होणारी रक्कम बिलाशी जुळत नाही, लांबून जुळवायची कशी?

हिशेब_कुडाळ
थेट जुळणार नाही, चार कपाती होऊन येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे आपण खर्चावर भरलेला जीएसटी त्यातून वजा होत नाही. खोली ४,००० ची धरा, कर २०० म्हणजे बिल ४,२००. कमिशन १८ टक्के ठरलं असेल तर ७२०, त्यावर १८ टक्के जीएसटी १२९.६०, टीसीएस (पोर्टलने आपल्या नावे कापलेला जीएसटी) ०.५ टक्का म्हणजे २०, टीडीएस (आयकराची कपात) ०.१ टक्का म्हणजे ४. हातात ३,३२६.४० येतात. कमिशनवरचे १२९.६० परत मिळत नाहीत, खर्चात टाका आणि दर ठरवताना धरा. टीसीएस आणि टीडीएस मात्र आपलेच पैसे आहेत: पहिला जीएसटी पोर्टलवर स्वीकारला की कॅश लेजरला, म्हणजे तिथल्या आपल्या रोख खात्यात येतो, दुसरा आयकर पोर्टलवरच्या वार्षिक कर पत्रकात दिसतो. बुकिंग क्रमांकानुसार दर आठवड्याला जुळवा. महिनाअखेरीला धरलंत तर रद्द झालेल्या बुकिंगचे परतावे त्यात मिसळून गुंता होतो.

रोकड घरून मोजता येत नाही. रात्री दोघांनी मोजायची, कुठल्या किती नोटा ते पत्रकावर लिहायचं, दोघांच्या सह्या, आणि फोटो पुण्याला. यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, रक्कम खात्यात दिसली तरच जमा.

रात्रपाळी_मालवण
रात्री जागेवर जागा माणूस हवाच, मग तो वॉचमन का असेना. नंबरच्या कुलपाचा किल्लीचा डबा लावून सगळे झोपले असं करू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन लोक येतात, आणि ते कुलूप खाऱ्या हवेत अडकतंही. ओळखपत्रं आदल्या दिवशी लिंकवरून मागवा. वॉचमनने मूळ कार्ड चेहऱ्याशी ताडायचं आणि काउंटरवरच्या टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल लावायचा. तो कॉल ताईंच्या माथी मारू नका, त्या नऊला सुटल्या. यादीत उशिराचं आगमन असेल त्या रात्री मॅनेजर किंवा तुम्ही. आधारची प्रत मास्क्डच (पहिले आठ आकडे झाकलेली) घ्या, वॉचमनच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये ती राहू नये. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत तेव्हाच घ्या. त्याच्या मुक्कामाचा सरकारी फॉर्म (आधीचा फॉर्म सी) २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, तो ताई सकाळी घरून भरतील.

लोकेशन आणि वॉचमनचा नंबर पाहुण्याला दुपारीच पाठवा, घाटात रेंज मिळेलच असं नाही. दापोलीकडून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची वेळ कळवा, नाहीतर नकाशा त्यांना रात्री बंद धक्क्यावर नेऊन सोडतो.

आरक्षण_रत्नागिरी
एक राहिलं. पोर्टलवर ताईंना, मुलाला आणि मॅनेजरला वेगवेगळं लॉगिन काढा, ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. पाहुण्याच्या नावाने "तक्रारीचे फोटो बघा" म्हणत लिंक येते, ती उघडली की पोर्टलसारखंच पान पासवर्ड मागतं. तिथे काही भरायचं नाही, पोर्टल नेहमीच्या बुकमार्कवरूनच उघडायचं.