गंजलेले नट फोडायला कोणती छिन्नी घ्यावी? (बजेट ३००)

विहीरकाठ: पंपाच्या बिडाच्या फ्लँजवरचे (पाइप जोडायच्या कडेवरचे) एम-१२ चे, म्हणजे १२ मिमी बोल्टचे, चार नट गंजून बसलेत. पाना सटकून कडा गोल झाल्यात. ३०० पर्यंत कोणती छिन्नी घेऊ? विहिरीवर दिवसा लाइट नसते.

जुना_फिटर: क्रोम व्हॅनेडियमचीच (मिश्र पोलादाची) घ्या. दुप्पट पैसे जातील, पण आमच्याकडे दुसरी चालतच नाही. २०० मिमी लांब, पातं २० मिमी, धार ६० अंश. पोलादावर त्याहून निमुळती धार मोडते. तांब्याला ४५, ॲल्युमिनियमला ३० पुरे.

लेथ_कोल्हापूर: बॅटरीवरचा ग्राइंडर घ्या, दोन मिनिटांचं काम. छिन्नी कोण वापरतं आता?

जुना_फिटर: ग्राइंडरची चकती बोल्टच्या आट्यांत घुसते. छिन्नीनं नट फुटतो, आटे वाचतात.

वर्गशिक्षक_आयटीआय: कोणतीही घ्या, आधी कानस लावून पाहा. धारेवर कानस जेमतेम लागली पाहिजे, डोक्यावर सहज. डोकं कडक असेल तर हातोडीच्या घावानं कपच्या उडतात.
नटावर रात्रभर तेल सोडा. छिन्नीची धार बोल्टच्या रेषेत, नटाच्या सपाट बाजूवर धरा. समोरच्या बाजूला जड घण टेकवाच, नाहीतर घाव बिडावर जाऊन फ्लँज तडकेल. हातोडी ८०० ग्रॅमची. नजर धारेवर, डोक्यावर नाही. चष्मा हवाच.

सह्याद्री_वेल्डर: डोकं मऊच हवं, सहमत. वापरून कडा पसरल्या की घासून काढा. आणि धार सरळ नको, किंचित फुगीर ठेवा, कोपरे रुतत नाहीत.

जुना_फिटर: फुगीर धार पत्रा छिलायला. नट फोडताना सरळच बरी, घाव पूर्ण उंचीवर बसतो.

सह्याद्री_वेल्डर: सरळ धारेचे कोपरे आधी तुटतात. माझं मत बदलणार नाही.

बाजारपेठ: रस्त्यावरची सळईची छिन्नी घेऊ नका. त्या लोखंडात कार्बन कमी, पाणी धरत नाही (तापवून बुडवलं तरी कडक होत नाही), दुसऱ्या घावाला धार दुमडते. लोहाराकडची पाट्याचीही (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीची) नको, पाणी कसं पाजलंय ते कळत नाही.

लेथ_कोल्हापूर: ग्राइंडर!

वर्गशिक्षक_आयटीआय: घरी धार लावताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी पडली की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तेवढा भाग घासून टाका.

विहीरकाठ: सर्वांचे आभार. गावच्या लोहाराकडूनच ट्रकच्या पाट्याची करून घेतोय, धार बोथट झाली तर तो तिथंच पुन्हा पाणी पाजून देतो. फक्त धारेकडच्या दोन-अडीच सेंटिमीटरलाच पाणी दे, डोकं तसंच ठेव, असं सांगितलंय. कानस सोबत नेतोय.