'सोलर जिओइंजिनिअरिंग'ला मराठीत काय म्हणावे?

तापीकाठ: हवामानबदलाविषयी लोकमत जाणून घेणारी एक प्रश्नावली मी मराठीत आणत आहे. स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, सल्फेटचे सूक्ष्म कण सोडून सूर्यप्रकाशाचा काही भाग अवकाशात परतवावा का, असा त्यात प्रश्न आहे. त्यासाठी 'सौर भू-अभियांत्रिकी' लिहिले, तर साक्रीकडच्या एका आजोबांनी "आमच्या शिवाजीनगरला सोलरच्या प्लेटा आहेत, तसंच ना? मग होऊ द्या," असे म्हणून होकार दिला. हा होकार कशाला मिळाला असे धरायचे? दुसरा शब्द सुचवावा.

पांझरा: 'सौर' म्हणजे सूर्यासंबंधीचा. सौरवर्ष म्हटल्यावर कोणाला प्लेटा आठवत नाहीत. शब्द निर्दोष आहे; खाली दोन ओळींचा खुलासा द्यावा.

केळीबाग, रावेर: खुलासा कोणी वाचत नाही, भाऊ. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा झळांपासून केळी वाचवायला आम्ही बागेच्या कडेने हिरवी नेट बांधतो. त्याला सगळे 'आडोसा करणे' म्हणतात. 'उन्हाला आडोसा' लिहा, कोणालाही कळेल.

सातपुडा: कळेल, पण मतही त्या शब्दातच ठरून जाईल, कारण आडोसा कोणाला नको असतो? हा उपाय निसर्गातल्या घडामोडींसारखा आहे असे सांगितले की पाठिंबा वाढतो, असे अभ्यासात आढळले आहे. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, असेच सल्फेटचे कण वर पसरले आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली हे खरे. परंतु पुढच्या वर्षी जगभरात जमिनीवरचा पाऊसही घटला, आणि कोरडवाहू कापूस लावणाऱ्याला 'आडोसा' या शब्दातून ही बाजू मुळीच दिसणार नाही. स्वीडनमध्ये किरुना येथे २०२१ साली याच उपायावरच्या एका प्रयोगासाठी केवळ उपकरणे तपासायला फुगा सोडायचा होता, कण सोडायचेही नव्हते; तरी तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या परिषदेने, आम्हाला विचारले नाही म्हणून, हरकत घेतली आणि ते उड्डाण रद्द झाले.

गिरणाकाठ, चाळीसगाव: आमच्याकडे शब्द तयारच आहे: 'पाऊस पळवणे'. विमान दिसले आणि भरून आलेले ढग पांगले की लोक आजही असेच म्हणतात.

पांझरा: ताई, तो आरोप झाला. २००३ आणि २०१५ च्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांत पाऊस पाडण्याचाच प्रयत्न होता, पांगवण्याचा नव्हे.

गिरणाकाठ, चाळीसगाव: मुळात 'कृत्रिम पाऊस' हाच शब्द दिशाभूल करणारा आहे. आलेल्याच ढगांत मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइड फवारतात. ढग नसतील तर काहीच होत नाही. लोकांना वाटले की आता हवा तेव्हा पाऊस पडेल. 'मेघबीजन' म्हणायला हवे होते.

केळीबाग, रावेर: 'बीजन' कोण म्हणतो? 'ढगात मीठ टाकणे' म्हणा, तेवढे पुरे आहे.