घरातलं नेटवर्क उभं करताना आलेले अनुभव: तुमचेही सांगा

आम्ही नुकतेच घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहायला आलो. इमारत मिव्हान पद्धतीची, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या. राउटर हॉलमध्ये, मुलाची अभ्यासाची खोली पार दुसऱ्या टोकाला. तिथे रेंजची एकच दांडी. मी प्लॅन १०० एमबीपीएसचा ३०० केला, तरी त्या खोलीत काडीचा फरक पडला नाही. भिंत तीच होती ना! मग एक्स्टेंडर, म्हणजे राउटरची रेंज पुढे पोचवणारा डबा, आणला. तो एकाच लहरीवर घेतो आणि त्याच लहरीवर पुढे देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर आला. शेवटी इलेक्ट्रिशियनने बिल्डरने टाकलेल्या रिकाम्या पाइपमधून स्प्रिंग घालून कॅट सिक्स (नेटवर्कची) केबल ओढली आणि त्या खोलीत दुसरा राउटर लावला. तीन आठवडे गेले यात. तुम्ही काय काय केलंत? फसलेले प्रयोगही लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होतो.

ऐरोली
ताई, दुसरा राउटर लावलात तिथेच आमची गाडी अडली होती. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याला मी नवा राउटर जोडला. दोन्हीकडे इंटरनेट झकास, पण प्रिंटर लॅपटॉपला दिसेचना. दोन रविवार त्यात गेले. प्रिंटर जुन्या डब्याच्या वायफायवर होता, त्याचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा. लॅपटॉप नव्यावर, त्याचा १९२.१६८.० ने. एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क झाली होती. उपाय असा: नव्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद केलं आणि केबल वॅनऐवजी (बाहेरून इंटरनेट येण्याची खाच) लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) खाचेत घातली. पत्ते वाटण्याचं काम एकाच डब्याकडे राहिलं आणि प्रिंटर लगेच सापडला. हा क्रम पाळा. आधी केबल हलवलीत, तर दोन्ही डबे पत्ते वाटायला लागतात आणि कोणाला कुठला मिळेल याचा नेम राहत नाही.

वाशी
आमच्या जुन्या सोसायटीत फोन उघडला की शेजाऱ्यांची वीसेक वायफाय दिसतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल (लहरींचे पट्टे) एकमेकांत मिसळत नाहीत. मी ११ वर गेलो, संध्याकाळची रडारड थांबली. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर.

कासारवडवली (धागाकर्ती)
ऐरोलीकर, डीएचसीपी चालूच ठेवलं होतं हो मी! आज रात्री बदलते. स्मार्ट प्लग कोणी जोडलाय का? माझा पकडतच नाही.

ऐरोली
असे बरेच प्लग फक्त २.४ वर चालतात. राउटरमध्ये २.४ आणि ५ या दोन्ही बँडना वेगळी नावं देऊन बघा.

कळवा
केबल मी स्वतः क्रिम्प केली, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवला. नेट चालू झालं, पण वेग १०० च्या वर जाईना. गिगाबिटला (हजार एमबीपीएसला) आठही तारा लागतात, शंभराला चारच पुरतात. माझी तपकिरी तार खाचेत टेकलीच नव्हती. टेस्टरवर आठवा दिवा लागेना, तेव्हा कळलं. तेव्हापासून टेस्टर लावल्याशिवाय भिंतीची पट्टी बंद करत नाही.

नेरुळ
आई नौपाड्यात एकटी असते. पडली तर कळावं म्हणून कॅमेरा लावला. तिच्या घरात बसून दिसायचा, माझ्या घरून नाही. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा) उघडून पाहिले, काही उपयोग नाही. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहिला, तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते, बाहेरून थेट आत येता येत नाही. मग स्वतःच बाहेर जोडणी करणारा, क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घेतला. वीज गेली की तोही बंद पडायचा, म्हणून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला.

राहिला प्रश्न आईचा. नेट अडकलं की ती दोन्ही डबे (कंपनीचा पांढरा आणि राउटरचा काळा) एकदम बंद-चालू करायची आणि मला फोन करायची. आता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारी चिकटवलंय: आधी पांढरा डबा चालू. लाल दिवा गेला, हिरवा स्थिर झाला की मगच काळा. परवा तिने स्वतः केलं आणि चालू झाल्यावर फोन केला.