मदत हवी आहे: सॅन्सच्या सिम्युलेशनमध्ये बीमस्टॉपभोवती न्यूट्रॉनचं कडं

खंडवारोडकर
नमस्कार मंडळी. लघुकोनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या, म्हणजे सॅन्सच्या, उपकरणाचा आराखडा करतोय. इंदुरात रिॲक्टर नाही, त्यामुळे सगळं आधी मॅकस्टासवर (न्यूट्रॉन उपकरणांच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) तपासावं लागतं. पहिलं ॲपर्चर (बीम जाऊ देणारं भोक) २० मिमी, नमुन्याजवळचं १० मिमी (दोन्ही व्यास), दोन ॲपर्चरांत ६ मीटर आणि नमुन्यापासून डिटेक्टरपर्यंत ६ मीटर, तरंगलांबी ६ ॲंगस्ट्रॉम, बीमस्टॉप (डिटेक्टरपुढे थेट बीम अडवणारी चकती) ३० मिमी. क्यू (प्रकीर्णनाचा कोन आणि तरंगलांबी यांवरून येणारी राशी, एकक प्रति ॲंगस्ट्रॉम) ०.००३ पर्यंत खाली जायचंय. नमुना न ठेवताही बीमस्टॉपच्या कडेनं दाट कडं दिसतं. गुरुत्वामुळे बीम घसरतोय का?

रेषा_आणि_कोन
गुरुत्वाचा दोष नाही. ६ ॲंगस्ट्रॉमचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे ६६० मीटर जातो. तुमच्या मापांत डिटेक्टरवर घसरण जेमतेम ०.८ मिमी. खरी अडचण भूमितीची. अंतरं समान असली की डिटेक्टरवर बीमचा व्यास, उपच्छाया (कडेचा अंधुक भाग) धरून, पहिलं ॲपर्चर अधिक दुसऱ्याची दुप्पट: २० + २० = ४० मिमी. ३० मिमीच्या बाहेर उरतं तेच तुमचं कडं.

खंडवारोडकर
मग ॲपर्चर १४ आणि ७ करू? बीम २८ मिमी, बीमस्टॉप ३२, क्यू ०.००२८.

रेषा_आणि_कोन
जमेल, पण महाग पडेल. तीव्रता दोन्ही क्षेत्रफळांच्या गुणाकारावर चालते, म्हणून ०.७ चा चौथा घात: २४ टक्केच उरते, मोजणी चौपट लांबते. त्यापेक्षा ॲपर्चर तशीच ठेवून ८ ॲंगस्ट्रॉमवर जा. बीमस्टॉप ४४ मिमी, क्यू ०.००२९. सिलेक्टरचा (हवी ती तरंगलांबी निवडणारा भाग) तरंगलांबीतला सापेक्ष पसारा तोच राहिला तर वर्णपटाच्या लांब तरंगलांबीकडच्या शेपटीत तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घातानं घटते, म्हणजे सुमारे ३२ टक्के उरते. मला हाच पर्याय बरा वाटतो. क्यूची वरची मर्यादा मात्र खाली येते: १ मीटर रुंद डिटेक्टरला ०.०८७ वरून ०.०६५. म्हणून डिटेक्टर निर्वात टाकीत रुळांवर बसवा, २ मीटरवरही आणता आला पाहिजे.

बोरॉनवाला
एक भर. सिम्युलेशनमधलं कडं गेलं तरी प्रत्यक्षात दुसरं येईल, ते खिडक्यांमुळे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतले सूक्ष्म कण स्वतःच लघुकोनी प्रकीर्णन करतात. नमुन्याच्या आसपास सिलिकॉन किंवा सफायरच्या एकस्फटिकाची खिडकी लावा. ॲपर्चरच्या कडा तिरक्या घासून धारदार करा, नाहीतर जाड कडेवरून न्यूट्रॉन परावर्तित होतात. न्यूट्रॉन शोषायला नुसत्या कॅडमियमवर विसंबू नका: साधारण ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे न्यूट्रॉन त्यातून आरपार जातात, आणि शोषताना गॅमाही बराच निघतो. मागे बोरॉन कार्बाइड हवंच. आणि ८ ॲंगस्ट्रॉमला घसरण १.४ मिमी होते, तेव्हा बीमस्टॉपला वरखाली सरकवणारी मोटर आत्ताच आराखड्यात घ्या.