कोंबडीच्या पोटाला ओव्याचं तेल: औषध की नुसता वास?

शिरूरचा पोल्ट्रीवाला
आधीच सांगतो, मी कुणाचा एजंट नाही. राहतो हडपसरला, शिरूरजवळ दोन शेड आहेत, रोजचं येणं-जाणं. गेल्या पावसाळ्यात अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी पक्षी पातळ हगायला लागले. शेंदरी, बुळबुळीत. शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस एवढं ओलं की मुठीत दाबलं तर लाडू वळायचा. एरवी अशा वेळी पाण्यातून अँटिबायोटिक सोडायचो. या खेपेला ओवा-दालचिनीच्या तेलाचं मिश्रण सोडलं. पाचव्या दिवशी तूस हातातून भुरभुर गळत होतं.
माझं मत स्पष्ट आहे. ओव्यातलं थायमॉल आणि दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड जंतूंचं बाहेरचं पटल फोडतात, आतड्याची सूजही उतरवतात. युरोपात वजनवाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून बंद आहे. आपल्याकडेही २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आली. मग तेलाला नाकं का मुरडायची?

गुरांची डॉक्टरीण
त्या पाच दिवसांत तेलाशिवाय आणखी काय काय केलंत?

शिरूरचा पोल्ट्रीवाला
तूस उकरलं, चुना टाकला, पाण्याचे गळके निपल बदलले, हवा यावी म्हणून दिवसा शेडचे पडदे खाली सोडून वरून उघडे ठेवले. ते तर करावंच लागतं!

गुरांची डॉक्टरीण
झालं तर मग. चार गडी राबले आणि हार तेलाच्या गळ्यात. पडदे सोडून हवा खेळली की तूस सुकतंच. पक्षी उघडून पाहिला होता का? शेंदरी विष्ठा कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी, क्लॉस्ट्रिडियम हे जिवाणू किंवा नुसत्या खाद्यातल्या गडबडीनेही होते. आतडं बघितल्याशिवाय ‘सूज उतरली’ म्हणायचं कशावरून?

शिरूरचा पोल्ट्रीवाला
नव्हता उघडला, मान्य. पण मॅडम, त्याआधीच्या तीन लॉटना अँटिबायोटिक लिहून देणाऱ्यांनी तरी कुठे उघडला होता? फोनवर फोटो बघून डोस सांगितला.

गुरांची डॉक्टरीण
हे मात्र लागलं. चूक आमचीच. औंधच्या रोग अन्वेषण विभागात ताजे मेलेले पक्षी नेता येतात, पण तिथवर जाणारे मोजकेच.

भोसरीचा खाद्यवाला
दोघांच्या मधे बोलतो. तेलात दम आहे, पण बाटलीत घोळ आहे. ओव्याच्या तेलात थायमॉल बरेचदा ३५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असतं. एवढ्या फरकात डोस कसला सांगणार? शिवाय ही तेलं जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषली जातात. डुकरांच्या पिल्लांमध्ये हे मोजलेलं आहे. दुखणं खाली असेल तर तेल तिथवर पोचतच नाही. म्हणून चांगले लोक त्यावर स्निग्ध पदार्थाचं कवच चढवतात. बाजारात मात्र ‘वास भारी तर माल भारी’ हेच चालतं.

गुरांची डॉक्टरीण
सुजेचं म्हणाल तर पुरावा आहे, पण बराचसा उंदरांचा. उंदरांच्या आतड्याला रसायनाने मुद्दाम सूज आणतात आणि मग तेल देतात. २००७ मध्ये स्लोव्हाकियातल्या संशोधकांनी थाइम आणि ओरेगॅनोच्या तेलांचं मिश्रण तीन मात्रांत देऊन पाहिलं. इंटरल्यूकिन-६ सारखे सूज भडकवणारे घटक कमी झाले, मरही घटली, पण मधल्या मात्रेला. ‘थोड्याने गुण येतो तर जास्त देऊ’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

सदाशिव पेठी
आमची आजी पोट दुखलं की ओवा चावायला द्यायची. तिला कुणी उंदीर विचारले नाहीत.

गुरांची डॉक्टरीण
आजी चिमूटभर ओवा द्यायची, तेल नाही. टर्पेंटाइनही झाडाचंच. गाईच्या पोटफुगीला आम्ही ते गोडेतेलात मिसळून पाजतो. नुसतं पाजलं तर घसा भाजून निघेल.

कोथरूडची मांजरवाली
जरा विषयांतर. माझ्या बोक्याच्या आतड्याला कायमची सूज आहे. ओरेगॅनो तेलाचे दोन थेंब देऊ का?

गुरांची डॉक्टरीण
अजिबात नको! या तेलात फिनॉल जातीची रसायनं असतात, मांजराच्या यकृताला ती नीट निकामी करता येत नाहीत. अंगाला लावलंत तरी तो चाटून पोटात घेईल.

शिरूरचा पोल्ट्रीवाला
बोका राहू द्या, माझं बघा. पुढच्या लॉटला दोन्ही शेडमध्ये एकाच दिवसाची पिल्लं, एकच खाद्य, एकच तूस. एका शेडला तेल, दुसऱ्याला नुसतं पाणी. एकविसाव्या दिवशी दोन्हीकडचे दहा-दहा पक्षी उघडा. याल?

गुरांची डॉक्टरीण
येते. पण कुठल्या शेडला तेल आहे ते मला सांगायचं नाही. गड्यालाही नाही, नाहीतर तो औषधाच्या शेडमध्ये दोनदा जास्त तूस उकरेल.

शिरूरचा पोल्ट्रीवाला
अहो, वासावरूनच कळेल की त्याला! टाकी उघडली की ओव्याचा घमघमाट रस्त्यापर्यंत येतो.

भोसरीचा खाद्यवाला
मग पाण्यातून देऊच नका. कवच चढवलेली पावडर खाद्यात मिसळून देतो, वास बराच दबतो. गोण्यांवर क आणि ख लिहीन. चिठ्ठी माझ्याकडे राहील.

सदाशिव पेठी
चिठ्ठी माल विकणाऱ्याकडे? वा! माझ्याकडे द्या, मला कोंबडी वर्ज्य आहे.